गुण चांगले, तरी मदत बंद: अमेरिकेतील एका कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाचे आणि ‘सॅप’ नियमाचे परीक्षण

हे परीक्षण न्यू जर्सीतील एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक कॉलेजच्या, आर्थिक साहाय्य कार्यालयाचे आहे. कॉलेजचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हे कार्यालय ज्या नियमावर चालते तो नियम संघीय सरकारचा आहे आणि देशातल्या बहुतेक कॉलेजांत त्याची चौकट तीच असते. माझा भाचा पुण्यात एफ. वाय. बी.एस्सी. करून आई-वडिलांबरोबर ग्रीन कार्डावर इकडे आला. त्याचा कॉलेजप्रवेश, फाफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा, अर्ज, मध्येच आलेली मदत थांबल्याची नोटीस आणि नंतरचे अपील या सगळ्या कामांत आमचा या कार्यालयाशी बराच संबंध आला. मत आधीच सांगून ठेवतो: अडचण आल्यावर हे कार्यालय चांगले काम करते, पण अडचण येऊ नये म्हणून फारसे काही करत नाही. नियम अन्यायकारक नाही. मात्र त्यातला जो भाग विद्यार्थ्याला सर्वांत आधी कळायला हवा, तोच त्याला सर्वांत शेवटी कळतो.

प्रथम नियमाविषयी. पेल ग्रँट (अनुदान), वर्क-स्टडी (काम करून मिळणारे वेतन) आणि डायरेक्ट लोन (कर्ज) ही संघीय मदत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली दिली जाते, आणि ती चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याला समाधानकारक शैक्षणिक प्रगती दाखवावी लागते. कॉलेजच्या खिडकीवर सगळे जण याला ‘सॅप’ (सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडेमिक प्रोग्रेस) म्हणतात. सध्याच्या स्वरूपातील नियम १ जुलै २०११ पासून लागू आहेत. प्रत्येक कॉलेज आपले धोरण स्वतः लिहिते; ते संघीय किमान अटींपेक्षा सैल असून चालत नाही, आणि मदत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेज जी पट्टी लावते तिच्यापेक्षाही सैल ठेवता येत नाही. धोरणात तीन मोजमापे असतात: गुणांची सरासरी म्हणजे जीपीए, घेतलेल्या क्रेडिटांपैकी (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) पूर्ण केलेल्या क्रेडिटांचे प्रमाण, आणि अभ्यासक्रम संपवण्याची कमाल मर्यादा. तिन्ही एकाच वेळी पाळावी लागतात. एकातले यश दुसऱ्यातली उणीव भरून काढत नाही.

ही मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या काही ठरावीक गटांनाच मिळते. एफ-१ व्हिसावर एम.एस. करायला आलेल्या मुलांना किंवा एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांना ती मिळत नाही, त्यामुळे त्यांना सॅपची चिंता नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आई-वडिलांची अमेरिकेत जन्मलेली मुले मात्र नागरिक असल्याने फाफ्सा भरू शकतात, आणि अशी बरीच मराठी मुले आता कॉलेजच्या वयाला आली आहेत. पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांसाठी ७,३९५ डॉलर होती. कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या आणि घरी राहणाऱ्या मुलाच्या हिशोबात ही रक्कम फार मोठी असते, आणि ती परत फेडावी लागत नाही.

जीपीएच्या अटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन वर्षांहून अधिक लांबीच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘सी’ सरासरी, किंवा कॉलेजच्या पदवीच्या अटींशी जुळणारी शैक्षणिक स्थिती असावी, अशी संघीय अपेक्षा आहे. बहुतेक कॉलेजे ही सीमा २.० धरतात आणि काही जण पहिल्या वर्षासाठी थोडी खालची पायरी ठेवतात. हा आकडा मुलांना ठाऊक असतो, पालकांना ठाऊक असतो, आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याच्या नावाखाली ठळक दिसतो.

खरी मेख दुसऱ्या मोजमापात आहे. विद्यार्थ्याने आजवर जितकी क्रेडिटे घेतली त्यांपैकी किती पूर्ण केली, हे प्रमाण कॉलेज संपूर्ण शिक्षणकाळासाठी एकत्रित मोजते, आणि चार किंवा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते साधारण दोन तृतीयांशाच्या खाली जाऊन चालत नाही. काही धोरणांत ६७ टक्के लिहिलेले असते, काहींत ६६.६७. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण ४५ पैकी ३० क्रेडिटे पूर्ण करणारा विद्यार्थी एका धोरणात तरतो आणि दुसऱ्यात बुडू शकतो. दोन तृतीयांश हा आकडा आला कुठून, तर कमाल मर्यादेतून: अभ्यासक्रमाच्या प्रकाशित लांबीच्या दीडपटीत तो पूर्ण व्हायला हवा, म्हणजे ६० क्रेडिटांच्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीसाठी ९० आणि १२० क्रेडिटांच्या बॅचलर पदवीसाठी १८०. त्या वेगाने चालायचे असेल तर दर तीन क्रेडिटांमागे किमान दोन पदरात पडलीच पाहिजेत.

एटीकेटीच्या मुशीत वाढलेल्या आपल्या पिढीला हे चटकन पचत नाही. आपल्या डोक्यात विषय राहिला तर राहिला आणि सुटला की सुटला. पुढच्या परीक्षेत पास झाले की मागचा प्रयत्न कोणी विचारत नाही. इथे मागचा प्रयत्न कायमचा छेदात बसतो. चार क्रेडिटांचे कॅल्क्युलस एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा उत्तीर्ण केले, तर घेतलेली क्रेडिटे आठ आणि पूर्ण केलेली चार. कॉलेजच्या नियमानुसार जीपीएमध्ये जुनी श्रेणी पुसली जाऊ शकते, पण प्रमाणातून ती जात नाही. अपूर्ण राहिलेला विषय, नापास झालेला विषय आणि ॲड-ड्रॉपची (सत्राच्या सुरुवातीला विषय बदलण्याची) मुदत संपल्यावर सोडलेला विषय, ज्यापुढे ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ‘डब्ल्यू’ लागतो, हे तिन्ही घेतलेल्या क्रेडिटांत धरले जातात. सरकारी मदत घेतली नव्हती अशी सत्रेही हिशोबात येतात. शाळेत असताना ड्युअल एन्रोलमेंटमध्ये घेतलेले कॉलेजचे विषयही येतात, आणि हे ऐकून तर पालक अविश्वासानेच पाहतात.

भाच्याचे नेमके हेच झाले. पहिल्या सत्रात त्याने १५ क्रेडिटे घेतली आणि इतिहासाचा तीन क्रेडिटांचा एक विषय सोडला. दुसऱ्या सत्रात पुन्हा १५ घेतली. त्यांत कॅल्क्युलस आणि प्रयोगशाळेसह भौतिकशास्त्र हे प्रत्येकी चार क्रेडिटांचे विषय जड जाऊ लागले, तेव्हा अभ्यासक्रमाच्या ॲडव्हायझरने ‘डब्ल्यू घे, जीपीएला धक्का लागणार नाही’ असा सल्ला दिला. सल्ला खोटा नव्हता. जीपीए तीनच्या वरच राहिला. पण ३० पैकी पूर्ण झालेली क्रेडिटे १९ होती, म्हणजे ६३ टक्के, आणि मदतीच्या दृष्टीने हा उत्तम गुणांचा विद्यार्थी घसरला होता.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. विषय सोडण्याचा अर्ज ऑनलाइन आहे, दोन मिनिटांत होतो, आणि त्यावर ‘तुमच्या आर्थिक साहाय्यावर परिणाम होऊ शकतो’ असे एक मोघम वाक्य असते, जे सगळ्यांना सारखेच दाखवले जात असल्यामुळे कोणीच वाचत नाही. कॉलेजच्या संगणकाला विद्यार्थ्याची घेतलेली आणि पूर्ण केलेली क्रेडिटे दोन्ही ठाऊक असतात. हा विषय सोडल्यास तुमचे प्रमाण अमुक टक्क्यांवर येईल, असा आकडा त्याच पडद्यावर दाखवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. ॲडव्हायझर अभ्यासक्रम पाहतात, साहाय्य कार्यालय पैसे पाहते, आणि दोघांच्या मध्ये जी भागाकाराची एक ओळ आहे ती कोणाच्याच कामात मोडत नाही.

यात आणखी एका नियमाची सरमिसळ होते. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी विद्यार्थ्याने सगळेच विषय सोडले, तर त्या सत्रासाठी मिळालेल्या मदतीचा काही भाग सरकारला परत करावा लागतो. हा नियम वेगळा आणि सॅप वेगळा. आमच्या कॉलेजात मुलांमध्ये ‘साठ टक्के झाले की सोडायला हरकत नाही’ असा समज रूढ आहे. पैसे परत करण्यापुरता तो ठीक आहे, पण साठ टक्क्यांनंतर सोडलेला विषयही घेतलेल्या क्रेडिटांत मोजला जातोच. कार्यालयाच्या माहितीपत्रकात हे दोन नियम शेजारीशेजारी छापलेले आहेत, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे सांगणारे वाक्य तेवढे नाही.

प्रमाण खाली गेल्यावर पुढे काय होते, हे कॉलेज तपासणी कधी करते यावर अवलंबून असते. दर सत्राच्या शेवटी तपासणी करणारी कॉलेजे विद्यार्थ्याला एका सत्रापुरती ‘वॉर्निंग’ देऊ शकतात. त्या काळात मदत चालू राहते आणि अपील करावे लागत नाही. वर्षातून एकदाच तपासणी करणाऱ्या कॉलेजांना ही सोय नाही, तिथे पहिल्याच फेरीत मदत थांबते. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला विचारण्याच्या प्रश्नांत हा प्रश्न मी फीच्या बरोबरीने ठेवीन. आमचे कॉलेज दर सत्राला तपासते, ही त्याची जमेची बाजू आहे.

नोटीस मात्र कळायला कठीण होती. ती कॉलेजच्या ईमेलवर आली, आणि तिच्यात विद्यार्थ्याची स्थिती बदलल्याचे व धोरण पाहण्याचे सांगितले होते. कोणते मोजमाप चुकले, ते किती आणि किती हवे, यांतले काहीही नव्हते. साहाय्याच्या पानावर स्थितीचे फक्त नाव दिसते. प्रमाण काढायचे तर ट्रान्सक्रिप्ट उतरवून घेऊन बेरीज स्वतः करावी लागते. घरात हिशोब मांडणारे कोणी असेल तर ठीक. पण कुटुंबातून कॉलेजात जाणारा पहिलाच मुलगा किंवा मुलगी असेल, आणि पेल ग्रँट मिळवणाऱ्यांत अशी मुले पुष्कळ असतात, तर ती नोटीस ‘मला काढून टाकले’ अशीच वाचली जाणार.

वॉर्निंगच्या सत्रात भाच्याने १२ क्रेडिटे घेतली. मधेच त्याचे आजोबा साताऱ्याला वारले. तो वडिलांबरोबर गेला, दिवसकार्य आटोपून परतला, तोवर भौतिकशास्त्राचे प्रयोग इतके मागे पडले होते की तो विषय पुन्हा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. बारापैकी आठ पूर्ण झाली. एकूण ४२ पैकी २७, म्हणजे ६४ टक्के. मदत थांबली.

इथून पुढे मात्र या कार्यालयाचे कौतुक करायला हवे. संघीय नियमानुसार अपिलाची कारणे म्हणजे नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचे स्वतःचे आजारपण किंवा दुखापत, अथवा इतर विशेष परिस्थिती. आणि अपिलात दोन गोष्टी लिहाव्या लागतात, प्रगती का झाली नाही आणि आता परिस्थितीत काय बदलले आहे. बहुतेक मुले पहिल्या गोष्टीवर पानभर लिहितात आणि दुसरीवर एक ओळ. आमचा पहिला मसुदा वाचून खिडकीवरच्या बाईंनी हेच शांतपणे सांगितले: झालेले दुःख आम्हाला समजते, पण पुढच्या सत्रात तू काय वेगळे करणार आहेस ते लिही. मग त्याने पुढच्या सत्राचे वेळापत्रक, शिकवणी केंद्रातल्या ठरवलेल्या वेळा आणि भौतिकशास्त्र उन्हाळी सत्रात एकटेच घेण्याची योजना लिहिली.

कागदपत्रांचे कामही सुरळीत झाले. आपल्याकडचा मृत्यूचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. नाते सिद्ध करण्यासाठी काय द्यावे, असा प्रश्न निघाला तेव्हा वडिलांच्या पासपोर्टावर त्यांच्या वडिलांचे नाव आणि मुलाच्या पासपोर्टावर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव, अशी साखळी दाखवली. तिथल्या अधिकाऱ्याला ही नावांची पद्धत नवी होती, पण त्याने ती समजून घेतली आणि आणखी कागद मागितले नाहीत. एका सरकारी पैशाच्या कामात एवढी समजूत दाखवली जाते, हे नोंदवण्यासारखे आहे. कॉलेजाने अपिलाची सोय ठेवलीच पाहिजे अशी सक्ती नियमात नाही. ज्या कॉलेजात ती आहे तिथे ती कशी राबवली जाते, यावरून त्या कार्यालयाची पारख करावी.

अपील मान्य झाल्यावर विद्यार्थी ‘प्रोबेशन’वर जातो आणि एका सत्रापुरती मदत पुन्हा सुरू होते. एका सत्रात प्रमाण सीमेवर येणे शक्य नसेल तर कॉलेज शैक्षणिक योजना आखून देते आणि ती पाळली जाते तोवर मदत चालू राहते. भाच्याच्या बाबतीत गणित सोपे होते: पुढची तीन क्रेडिटे न सोडता पूर्ण केली की ४५ पैकी ३० होतात आणि काट्यावर का होईना, सीमा गाठली जाते. इतक्या थोड्या अंतराने मदत थांबली होती, हे आम्हाला अपिलाच्या वेळी कळले. मदत थांबल्यावर एखादे सत्र घरी बसले किंवा स्वतःच्या खिशातून फी भरली की मदत आपोआप सुरू होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. खिशातून भरून घेतलेल्या विषयांनी प्रमाण सुधारले तरच उपयोग. नुसते पैसे भरल्याने किंवा काळ गेल्याने छेद कमी होत नाही.

भारतातून शिकून येणाऱ्यांसाठी एक बाब फार महत्त्वाची आहे. दुसऱ्या संस्थेतली जी क्रेडिटे कॉलेज आपल्या अभ्यासक्रमाकडे मान्य करते, ती घेतलेल्या आणि पूर्ण केलेल्या अशा दोन्ही बाजूंना धरावी लागतात. पुण्याच्या एफ. वाय. ची गुणपत्रिका मूल्यमापन संस्थेकडून तपासून कॉलेजाकडे पोहोचली होती, पण तिची नोंद ट्रान्सक्रिप्टवर चढायला कॉलेजने इतका वेळ लावला की मदत थांबली तेव्हा ती हिशोबात नव्हती. नंतर नऊ क्रेडिटे मान्य झाली. ती धरली असती तर ५१ पैकी ३६, म्हणजे सत्तर टक्क्यांहून थोडे अधिक, आणि अपिलाची गरजच पडली नसती. प्रवेश कार्यालयाने नोंद उशिरा केली हे समजू शकते. पण मदत थांबवण्यापूर्वी विद्यार्थ्याची प्रलंबित नोंद आहे का, एवढे पाहण्याची पद्धत साहाय्य कार्यालयात नव्हती, आणि अपील वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या ते लक्षात आले नसते तर कदाचित पुढेही कोणी पाहिले नसते. अशा क्रेडिटांची दुसरी बाजूही आहे. ती प्रमाण सुधारतात, पण ९० च्या कमाल मर्यादेतून वजाही होतात. ज्यांचे दोन-तीन वर्षांचे शिक्षण भारतात झाले आहे आणि जे इथे वेगळ्याच शाखेत दोन वर्षांची पदवी घेतात, त्यांनी अभ्यासक्रमाशी संबंध नसलेली क्रेडिटे मोजली जात आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. ही मर्यादा प्रत्यक्ष ओलांडेपर्यंत कॉलेज थांबत नाही; उरलेल्या क्रेडिटांत पदवी पूर्ण होणे गणिताने अशक्य ठरले की त्याच क्षणी मदत थांबते.

मूलभूत गणित किंवा इंग्रजीचे पूर्वतयारीचे वर्ग लागलेल्यांना थोडी सवलत आहे. त्यांसाठी संघीय मदत साधारण ३० क्रेडिटांपर्यंत मिळते आणि इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकण्याचे वर्ग त्या मर्यादेत धरले जात नाहीत. उत्तीर्ण झालेला विषय श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा घ्यायचा असेल तर मदत एकदाच मिळते.

तारांकनाचा आग्रह असेल तर अपिलाच्या कामाला पाचपैकी चार, सूचनेच्या कामाला दोन, आणि इतर विभागांशी असलेल्या समन्वयाला एक. नियमाला मी साडेतीन देईन. सरकारी पैसा घेणाऱ्याने वाजवी वेळात पदवी घ्यावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि दर तीनांत एक चूक माफ करणारा नियम कडक म्हणता येणार नाही. कोविडच्या काळात, मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने महामारीमुळे पूर्ण न झालेली क्रेडिटे प्रमाणातून वगळण्याची मुभा कॉलेजांना दिली होती, यावरून हा छेद हवा तेव्हा हलवता येतो हेही दिसते.

भाचा आता राज्य विद्यापीठात जाण्याच्या तयारीत आहे, आणि तिथे या हिशोबाला वेगळेच वळण लागते. नवे विद्यापीठ आपल्या धोरणाने नव्याने मोजते आणि मान्य केलेली क्रेडिटेच धरते. सोडलेले विषय मान्य होण्याचा प्रश्नच नसल्याने ते बहुधा जुन्या ट्रान्सक्रिप्टवरच राहतात. इथे ज्या मुलाची मदत थांबली होती, तो तिथे शंभर टक्के प्रमाण घेऊन दाखल होऊ शकतो. पेल ग्रँटचा आयुष्यभराचा वापर मात्र विद्यार्थ्याबरोबर सगळीकडे जातो: ६०० टक्के, म्हणजे पूर्ण वेळ शिक्षणाची साधारण बारा सत्रे. ज्या सत्रात त्याने भौतिकशास्त्र आणि कॅल्क्युलस सोडले, त्या सत्रात घेतलेली पेलही त्यातून वजा झालेली आहे, आणि ही शिल्लक कॉलेजच्या पानावर नव्हे, तर फेडरल स्टुडंट एड या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात दिसते.